दवाखान्याचं फाटक आणि नेरचा रस्ता

तालुक्याच्या गावात नवा दवाखाना होणार किंवा असलेल्याच्या खाटा वाढणार, अशी नुसती कुणकुण लागली की पानठेल्यावर निकाल लागतो: ‘‘आता रस्त्यानं चालणं मुश्कील.’’ यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला ही भीती अगदीच निराधार नाही. गावाला रेल्वे नाही. अमरावती-यवतमाळ रस्ता आणि दारव्हा, कारंजाकडे जाणाऱ्या वाटा, यांवरच सगळा भार. पण गर्दी नेमकी कशानं होते, याबद्दल बोललं जातं त्यातलं बरंच चुकीचं असतं.

पहिला गैरसमज म्हणजे दवाखाना नवी वाहनं आणतो. आजारी माणसं दवाखान्यामुळे जन्माला येत नाहीत. नेर तालुक्यातला पेशंट आज रेफर होऊन यवतमाळच्या ‘मेडिकल’ला जातो, म्हणजे १९८९ साली सुरू झालेल्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नाहीतर अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात. त्याच्यामागे भावाची मोटरसायकल, डबा घेऊन निघालेली वहिनी, सुट्टीच्या दिवशी सगळा गोतावळा. उपचार नेरलाच मिळाले तर हीच फेरी आखूड होते. लांबच्या रस्त्यावरची वाहनं घटतात, गावातली वाढतात. हा सौदा आहे, आणि माझ्या मते फायद्याचा.

वाढही दिवसभर सारखी नसते. ओपीडीचा केसपेपर सकाळी निघतो; शाळा, एसटी आणि बाजारही त्याच वेळी. त्यात कापसाचा हंगाम. वाहनं मोजताना अभियंते डोकी मोजत नाहीत, प्रत्येक वाहन किती कारइतकी जागा अडवतं ते पाहतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या तक्त्यात मोटरसायकल अर्धी कार, ॲटो एक, बस किंवा ट्रक तीन, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर साडेचार आणि बैलबंडी आठ! म्हणजे कापसाच्या दोन बंड्या दवाखान्याच्या सोळा मोटारींना भारी. सपाट मुलखातल्या दुपदरी रस्त्याची क्षमता याच मापानं दिवसाला सुमारे १५,००० धरतात. तेव्हा खाटांचा आकडा पाहून घाबरण्याआधी जानेवारीतल्या एका सकाळी चौकात उभं राहून मोजणी करावी. पावसाळ्यात केलेली मोजणी इथं फसवी ठरते.

‘रस्ता रुंद केला की सुटलं,’ हा दुसरा गैरसमज. कोंडी बहुतेक वेळा फाटकाजवळच्या पन्नासेक मीटरमध्ये होते: ॲटो सवारी उतरवायला मध्येच थांबतो, मेडिकल स्टोअरसमोर मोटरसायकली तिरक्या लागतात, उजवीकडे वळणारी कार मागच्यांना अडवून धरते. तिथं वळणाऱ्यांसाठी वेगळी पट्टी, ॲटोला थांबायला आत जागा आणि रुग्णवाहिकेला स्वतंत्र फाटक हवं. नुसती रुंदी वाढवली तर वेग वाढतो. ताशी ४० किलोमीटरला गाडी सुरक्षित थांबवायला ४५ मीटर लागतात असं रस्त्याच्या आखणीत धरतात. ६० ला ८० मीटर. रस्ता ओलांडणाऱ्या गरोदर बाईला किंवा काठी टेकत चाललेल्या आजोबांना रुंदीमुळे आणखी चार पावलं जास्त टाकावी लागतात, ते वेगळंच.

साइडपट्टीकडे कुणी पाहत नाही. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि डांबराची कड उघडी पडते. ट्रकला वाट द्यायला खाली उतरलेली मोटरसायकल परत वर चढताना त्या कडेवर घसरते. मुरूम नीट दाबून भरलेली साइडपट्टी आणि पाणी काढणारी नाली उद्घाटनाच्या फोटोत दिसत नाहीत, म्हणून त्या शेवटी राहतात.

गतिरोधकाचं वेड तर सांगायलाच नको. दवाखान्यासमोर वेग कमी हवाच. पण रात्रीतून टाकलेला डांबराचा उंचवटा मोडलेलं हाड घेऊन येणाऱ्याचा जीव काढतो. प्रमाणित गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, ताशी २५ च्या वेगानं सहज ओलांडता येईल असा. शिवाय त्यावर रंगाचे पट्टे आणि त्याच्या आधी फलक हवाच.

‘सायरन वाजला तरी जागा कुठून देणार?’ हेही ऐकू येतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९४-ई आलं: रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. अर्थात दुतर्फा गाड्या लावलेल्या रस्त्यावर बाजूला सरकायची इच्छा असूनही जागा नसते, म्हणून फाटकाजवळची पार्किंगबंदी कलमाइतकीच कामाची.

आणि सगळा राग नगर परिषदेवर काढणं चुकीचं. आतल्या गल्ल्या, नाल्या तिच्या. राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचा, खेड्यांकडचे बरेच रस्ते जिल्हा परिषदेचे. मोठ्या रस्त्यावर फाटक उघडायचं तर त्या रस्त्याच्या मालकाची परवानगी लागते, आणि वळणपट्टी, नाली, साइडपट्टी यांची अट घालायची खरी वेळ तीच असते. एकदा दवाखाना सुरू झाला की फाटकासमोर आधी चहाची टपरी येते, मग फळांची गाडी, आणि पट्टीसाठी लागणारी जागा कायमची जाते.