शेवटच्या गुणसूत्रासाठी पेशी थांबते, ती कशी?

कॉलेजच्या प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाचं टोक तुमच्यापैकी पुष्कळांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं असेल. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था... नावं पाठ केली, आकृत्या काढल्या, झालं. पण एक प्रश्न राहूनच जातो. गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर आली, ठीक आहे. आता ओढायला हरकत नाही, हे पेशीला कळतं कसं?

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं. विभाजनाआधी प्रत्येकाची प्रत निघते आणि दोन्ही प्रती एकमेकींना चिकटून राहतात. अशा प्रत्येक जोडीला दोन विरुद्ध टोकांकडून तुर्कतंतू, म्हणजे प्रथिनांचे धागे, येऊन पकडतात. एका जोडीला धागा लागायच्या आत ओढाओढ सुरू झाली, तर एका पेशीत ४७ आणि दुसरीत ४५ असा घोळ होऊ शकतो.

मग पेशी ४६ पर्यंत मोजते का? छे, मोजणार कोण! युक्ती उलटी आहे. जिथे धागा लागलेला नाही, तीच जागा ‘थांबा’ असा रासायनिक संकेत सोडत राहते. धागा लागला की ती गप्प. सगळ्या गप्प झाल्या की जोड्या सुटतात.

याचा १९९५ साली झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. कांगारूच्या नात्यातल्या एका लहान प्राण्याच्या पेशी घेतल्या होत्या. शेवटची एकच जागा धाग्याविना राहिली होती. शास्त्रज्ञांनी ती लेसरने जाळली. धागा लागलेला नव्हताच, तरी थोड्या वेळाने पेशीने जोड्या सोडल्या. ओरडणाराच उरला नाही ना!

आता आपल्या कुंपणाजवळची सदाफुली घ्या. तिच्यातून व्हिन्क्रिस्टीन मिळतं, लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचं एक महत्त्वाचं औषध. ते धागे जुळूच देत नाही. ‘थांबा’चा ओरडा चालूच राहतो, पेशी अडकते आणि बऱ्याचदा मरते. (म्हणून पानं चावून खाऊ नका हं, पानात हे अगदी नाममात्र असतं, आणि सोबत इतर विषारी द्रव्यंही.) केसांच्या मुळाशीही विभाजन जोरात चालतं, म्हणून केस गळतात.

आणि हातापायांना मुंग्या का येतात? चेतापेशी तर विभागत नाहीत. पण त्यांच्या लांबच लांब तंतूंमधली मालवाहतूक त्याच प्रथिनाच्या नळ्यांवरून चालते. औषधाला हा फरक कळत नाही.