वीस ग्रॅमचा हिशेब

चहाच्या चमच्याने चार चमचे पाणी वाटीत काढा. झालं वीस ग्रॅम. तीन दिवसांत बाळाचं वजन एवढंही वाढलं नाही, तर आईबाबांनी लगेच फोन लावायचा, असा नियम अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या बालहृदयतज्ज्ञांनी 2000 साली घातला.

ही बाळं म्हणजे हृदयाची एक बाजू नीट घडलेलीच नाही अशी. आपल्या हृदयात दोन पंप असतात. एक रक्त फुप्फुसांकडे धाडतो, दुसरा अंगभर. यांचा एकच पंप दोन्ही कामं ओढतो. नॉरवुड ही पहिली शस्त्रक्रिया जन्मानंतर काही दिवसांतच होते, पुढची चार-सहा महिन्यांनी. मधला काळ घरी, आणि तोच सगळ्यात नाजूक. फुप्फुसांना रक्त पुरवणारी कृत्रिम नळी बहुतेकदा जेमतेम साडेतीन मिलिमीटरची असते. जुलाब झाले, अंगातलं पाणी आटलं, रक्त दाटलं, की तिच्यात गुठळी धरू शकते. एरवी ‘संध्याकाळपर्यंत बघू’ म्हणावं असं दुखणं इथे जिवावर बेततं.

म्हणून घरी जाताना बाळासोबत दोन वस्तू दिल्या: वजनकाटा आणि ऑक्सिमीटर. त्याआधी शिकवणी. रोज ठरल्या वेळी, लंगोट काढून वजन. मग इवल्याशा पावलाला ऑक्सिमीटरची पट्टी. कातडीतून लाल उजेड झिरपताना दिसतो. पाऊल गार असेल तर आकडा नाचतो, म्हणून ते आधी मुठीत धरून ऊब द्यायची. रक्तातला प्राणवायू असा उजेडाने मोजायची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये जगापुढे आणली.

आणि आकड्यांचा अर्थ तर उलटाच! आपला ऑक्सिजन ऐंशीवर आला तर घर धावपळ करेल. या बाळांमध्ये चांगलं आणि वापरलेलं रक्त एकत्र मिसळतं, त्यामुळे ऐंशी म्हणजे समाधान. पंच्याहत्तरच्या खाली धोका. पण पंच्याण्णव दिसले तरी आनंद नाही. फुप्फुसांकडे जास्त रक्त वळलं, बाकीचं अंग उपाशी राहिलं. वैद्यकशास्त्राचा धडाही न गिरवलेले आईबाप हे शिकतात, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

मिलवॉकीच्याच डॉक्टर नॅन्सी घनायेम आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये हिशेब मांडला. पूर्वीच्या पद्धतीने घरी गेलेल्या 57 बाळांपैकी 9 दगावली होती. काटा आणि ऑक्सिमीटर घेऊन गेलेल्या पहिल्या 24 बाळांपैकी एकही नाही.

काट्यावर न येणारंही फोनवरून कळतं. आई वजन सांगते, ऑक्सिजन सांगते, आकडे ठीक असतात. मग ती म्हणते, “कालपासून दूध ओढताना मध्येच थांबतो. कपाळाला घाम येतो.” दूध ओढणं हाच या वयातला सगळ्यात मोठा व्यायाम, आणि दमलेलं हृदय आधी तिथेच दिसतं. पलीकडची नर्स लिहिता लिहिता थांबते. “आत्ताच निघा,” ती सांगते.