पाच टक्क्यांची लढाई

चौथं सेमिस्टर संपवून घरी गेलो, तर आईने 'आलास का' म्हणायच्या आधी पायाचे घोटेच पुढे केले. लाल लाल पुरळ, काही ठिकाणी तर दोन-तीन ओळीने. बाबांचं निदान ठरलेलं, "डास!" पण डास फक्त घोट्यालाच कशाला चावेल? मी पांढरे मोजे चढवून हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्या. मोज्यांवर तपकिरी ठिपके दिसले, आणि बोट लावायला गेलो तर ठिपके उडून गेले. पिसवा!

संशयित नंबर एक म्हणजे आमचा कुत्रा राजा. त्याच्या पाठीवरून बारीक दातांची फणी फिरवली आणि निघालेली काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टाकली. थोड्या वेळात पुडीभोवती तांबूस डाग उमटला. साधी माती असती तर तांबूस झाली नसती. ही पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. घरबसल्या करता येणारी अशी टेस्ट आपल्या लॅबमध्येसुद्धा इतकी चटकन रिझल्ट देत नाही!

मग राजाला आंघोळ. दोन दिवस शांतता, आठव्या दिवशी पुन्हा खाजखाज. पुन्हा आंघोळ, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी सगळं गणितच उलटं करून दाखवलं. मित्रांनो, कुत्र्यावर दिसणाऱ्या पिसवा म्हणजे एकूण पलटणीच्या साधारण पाच टक्के. उरलेले पंच्याण्णव टक्के अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपात घरातच पडलेले असतात. आम्ही महिनाभर पाच टक्क्यांशी लढत होतो.

रक्त प्यायलं की एक-दोन दिवसांत मादी अंडी घालू लागते, रोजची चाळीस-पन्नाससुद्धा. अंडी गुळगुळीत असल्यामुळे केसांतून घरंगळून खाली पडतात. कुत्रा जिथे झोपतो तिथे सगळ्यात जास्त. आमच्याकडे ती जागा म्हणजे दिवाणाखालचा अंधार आणि शहाबादी फरशीच्या फटी. अळ्यांना उजेड नको, दमट हवा हवी, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची चंगळ. खायला काय, तर वरून पडणारी तीच रक्ताची सुकी पूड. आई हॉस्टेलवर डबा पाठवते, तसाच प्रकार.

खरा त्रास कोषाचा. तो चिकट रेशमाचा असतो, त्याला धूळ-केस चिकटतात आणि फवारलेलं औषध आत पोचत नाही. आत तयार पिसू गप्प बसून राहते, कधी कधी काही महिने. पावलांची थरथर, अंगाची ऊब किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर! आपल्या भाषेत, प्रोसेसर स्लीप मोडमध्ये आणि इंटरप्टची वाट बघतोय. सुट्टीभर बंद असलेली खोली उघडल्यावर एकदम चावे बसतात ते यामुळे.

जाता जाता मेकॅनिकलवाल्यांसाठी: पिसवेची उडी नुसत्या स्नायूंच्या जोरावर होत नाही, स्नायू तेवढे वेगवान नसतात. रेझिलिन नावाच्या रबरासारख्या प्रथिनात ती ऊर्जा साठवते आणि एकदम सोडते. स्प्रिंग आणि खटका, बस्स.

आता माझा पराक्रम. राजासाठी दुकानातून मानेवर टाकायच्या औषधाची नळी आणली होती. त्यातलं थोडं उरलं. वाया कशाला घालवायचं म्हणून मी ते आमच्या मनीच्या मानेवर टाकलं. नळीवर काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नाही. संध्याकाळी तिचे कान फडफडायला लागले, मग सगळं अंग थरथरू लागलं. रिक्षाने डॉक्टरांकडे नेईपर्यंत तिला झटके येत होते. नळीत पर्मेथ्रिन होतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या यकृताला मात्र ते नीट मोडता येत नाही आणि जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी भांड्यांच्या साबणाने तिची मान धुतली, झटके थांबवायला इंजेक्शनं दिली आणि दोन रात्री ठेवून घेतलं. त्या दोन रात्री आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मनी वाचली. मग डॉक्टरांनी दोघांना वेगवेगळं, वजन करून औषध दिलं. चाटताना पिसू पोटात गेली तर पट्टकृमी होऊ शकतात, म्हणून जंताचंही दिलं. त्याच दिवशी सगळ्या चादरी, गोधड्या, राजाचं पोतं गरम पाण्यात धुतलं. दिवाण सरकवून फटीफटीतून व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. त्याची थरथर फायद्याचीच, कोषातल्या पिसवा त्यामुळे बाहेर येतात. पिशवी मात्र लगेच घराबाहेर रिकामी करायची. मग पायरिप्रॉक्सिफेन असलेला फवारा मारला, याने अळीची पुढे पिसू होतच नाही. फवारा वाळेपर्यंत माणसं-जनावरं सगळी अंगणात.

चौथ्या दिवशी मोज्यांवर पुन्हा ठिपके! बाबा म्हणाले, "गेले पैसे पाण्यात." पण ते जुने कोष फुटत होते. रोज झाडू आणि व्हॅक्यूम, शिवाय जनावरांचं औषध वेळच्या वेळी चालू ठेवलं. मोजे पांढरेच राहायला लागायला सात आठवडे लागले. शेवटची बातमी आईने फोनवर दिली, तेव्हा मी हॉस्टेलवर परत आलो होतो.

राजा मजेत आहे. मनी मात्र अजूनही माझ्या हातात काही दिसलं की कपाटावर चढून बसते.