भाकरी कडक का होते?

‘मेसमध्ये आज काय आहे रे?’ हा प्रश्न होस्टेलवर रोज विचारला जातो, आणि उत्तर ऐकून रोज कोणीतरी ‘अरे देवा!’ म्हणतं. माझी तक्रार मात्र भाजीबद्दल नाही, भाकरीबद्दल आहे. आठवड्यातून एकदा आमच्याकडे ज्वारीची भाकरी असते. मावशी ती सातला करून ठेवतात, आणि आम्ही महाशय नऊला उगवतो. तोपर्यंत तिचा पुठ्ठा झालेला असतो. दोष मावशींचा नाही. दोष कोणाचा, हे शोधायला मी निघालो आणि भलतीकडेच पोचलो. तीच ही गोष्ट.

आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ‘सत्तावन्न’ म्हणजे नक्की किती, हे ठरवायला मला अजून दोन सेकंद लागतात. तेव्हा मराठी चुकली तर सांभाळून घ्या! घर नगरला (आता कागदोपत्री अहिल्यानगर), सावेडीत. ज्वारी मात्र कर्जत तालुक्यातल्या आमच्या गावाहून येते. शाळेत डब्यात भाकरी दिसली की मुलं हसायची. तिसरीत मी आईला सांगून टाकलं, ‘उद्यापासून ब्रेड-जॅम दे.’ तिने दिला. पुढे २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं आणि ज्वारी एकदम ‘मिलेट’ झाली. मॉलमध्ये ज्वारीची बिस्किटं चकचकीत पाकिटात आली. आजी ते पाकीट उलटंपालटं करून म्हणाली, ‘आमच्या ज्वारीला पावडर लावलीय व्हय!’

आता मुद्द्यावर येऊ. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडे, म्हणजे कर्जत, जामखेड, श्रीगोंदा भागात पाऊस कमी, पण काळी जमीन ओल धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बी ज्वारी त्या ओलीवर वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. यातलं प्रसिद्ध वाण मालदांडी, म्हणजे ‘एम ३५-१’. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेलं हे वाण आजही लोक भाकरीसाठी नाव घेऊन मागतात. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानेही (स्थापना १९६८) ‘फुले वसुधा’, ‘फुले रेवती’ अशी वाणं दिली आहेत.

ज्वारीत ग्लूटेन नसतं. गव्हाच्या कणकेत ग्लूटेनची जाळी तयार होते, म्हणून पोळी लाटता येते आणि घडी घातली तरी मोडत नाही. ज्वारीच्या पिठाला असा आधारच नाही. मग भाकरी एकसंध राहते कशी? तर गरम पाण्यामुळे! साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि चिकट होतात. आधणाचं पाणी घालून पीठ मळलं की थोडा स्टार्च असा खळीसारखा होतो आणि बाकीचं पीठ धरून ठेवतो. दळण ताजं असेल तर कोमट पाण्यावरही भागतं. पण पीठ जुनं झालं की आजी म्हणते, ‘विरी गेली त्याची.’ अशा पिठाची भाकरी थापताना कडेने चिरते. शिवाय कोंबातलं तेल हवेने खवट होतं आणि पीठ कडवट लागतं. म्हणून आमच्याकडे दर आठवड्याला गिरणीत जावं लागतं, आणि तो डबा कोणी उचलायचा यावर माझं आणि बहिणीचं भांडण होतं.

तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात का फिरवतात? त्याने वरचं कोरडं पीठ ओलं होतं, आणि भाजताना त्याचा पातळ पापुद्रा बनतो. पुढे आतल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं (थर्मोडायनॅमिक्सचे सर, नोंद घ्या!). पापुद्रा वाफ अडवतो आणि भाकरी टम्म फुगते. पापुद्र्याला भोक पडलं की प्रेशर गेलं, फुगणं संपलं.

आता मूळ प्रश्न, कडक का होते? भाकरी गार व्हायला लागली की फुगलेल्या स्टार्चमधले रेणू पुन्हा जवळ येऊन एकमेकांना घट्ट बिलगतात. याला रेट्रोग्रेडेशन म्हणतात. यातला अमायलोज हा घटक काही तासांतच असा बसतो, तर अमायलोपेक्टिनला काही दिवस लागतात. ब्रेड शिळा होतो तोही मुख्यतः याच कारणाने. गंमत म्हणजे फ्रीजच्या तापमानाला ही क्रिया जास्त वेगाने होते, म्हणून भाकरी फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे तिला मुद्दाम म्हातारी करणं! पाण्याचा हात लावून पुन्हा गरम केली तर थोडी मऊ होते, पण पहिल्यासारखी नाही. कडक भाकरी वाया जात नाही, हे वेगळं. तिचा कुस्करा फोडणीला टाका किंवा ती दुधात चुरा, झकास लागते. पण मऊ भाकरी ही फक्त तव्यावरून ताटात येण्यापुरतीच असते. ती साठवता येत नाही. आपण जेवत असताना दुसऱ्या कोणीतरी तव्यासमोर उभं असावं लागतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी ओट्याजवळ स्टूल टाकून मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. जेवणारे पप्पा, आजी, बहीण आणि मी. भाकऱ्या नऊ. एका भाकरीला सरासरी साडेतीन मिनिटं. तवा एकच, म्हणजे इंडस्ट्रियलच्या भाषेत ‘बॉटलनेक’. पहिली भाकरी उतरली ८ वाजून ५ मिनिटांनी. तवा तेव्हा नीट तापलेला नसतो, म्हणून ती चिरली. आईने ती बाजूला ठेवली. आम्हाला एकामागून एक गरम येत गेल्या. गॅस पुसून आई जेवायला बसली ८.४५ ला, आणि ताटात घेतली ती पहिली, चाळीस मिनिटांची भाकरी.

आमच्या घरात एक पक्की समजूत आहे, आईला गरम आवडत नाही. मी विचारलं तेव्हाही ती तेच म्हणाली, ‘मला कोमटच बरी लागते रे.’ वीस वर्षं मी हे रीडिंग तपासून न बघताच लिहून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आजीकडून शिकायला बसलो. पहिल्या तीन भाकऱ्या गेल्या, कारण मी गार पाण्यात पीठ भिजवलं होतं. आजी म्हणाली, ‘थापतोयस का मारतोयस तिला?’ चौथी नकाशासारखी झाली, पण फुगली! आईला आधी बसवलं होतं. बसल्या बसल्या ती तीनदा उठायला गेली. ‘सरक, जळतंय बघ’ हे तर चालूच होतं. ताटात पिठलं, ठेचा, कांदा. मी तव्यावरची सरळ तिच्या ताटात टाकली. तिने पापुद्रा सोडवला, बोट भाजलं म्हणून फुंकर मारली आणि खाल्ली.

आई रोज एक भाकरी खाते. त्या रात्री दोन खाल्ल्या. दुसरी मागून घेतली.

मित्रांनो, सुट्टीत घरी गेलात की निदान एकदा हा प्रयोग करून बघा. पाणी मात्र गरम घ्या.