गणेशघाटावरचा शिपाई कोणत्या रकान्यात?

अनंत चतुर्दशीच्या रात्री पवई तलावाच्या गणेशघाटावर बांबूच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या एका पोलीस शिपायाला मी विचारले, ‘‘ड्युटी कधीपासून?’’ ‘‘काल सकाळपासून. मी इथला नाही साहेब, बंदोबस्ताला आलोय,’’ तो म्हणाला. घरी आल्यावर मी त्याला सरकारी आकडेवारीत शोधू लागलो.

देशातल्या पोलीस दलांची माहिती दिल्लीचा पोलीस संशोधन व विकास ब्युरो गोळा करतो. १९७० साली गृहमंत्रालयाने स्थापलेली ही संस्था १९८६ पासून पोलीस संघटनांची आकडेवारी छापते आहे. पोलीस हा राज्यांचा विषय. त्यामुळे ब्युरो स्वतः शिरगणती करत नाही. ठरावीक तक्ते राज्यांकडे जातात आणि १ जानेवारीची स्थिती भरून परत येतात. मंजूर पदे, भरलेली पदे, महिला, ठाणी, वाहने, प्रशिक्षण असे सगळे त्यांत असते.

१ जानेवारी २०२० रोजी राज्यांच्या पोलीस दलांत मंजूर पदे २६,२३,२२५ होती, प्रत्यक्षात माणसे २०,९१,४८८. पाच लाखांहून अधिक खुर्च्या रिकाम्या! दर लाख लोकसंख्येमागे मंजूर पोलीस १९५, हजर १५६. भाषणात यातला कोणता आकडा येणार, हे बोलणारा सत्तेत आहे की विरोधात यावर ठरते.

पण ‘मंजूर’ म्हणजे ‘पुरेसे’ नव्हे. किती पदे हवीत हे राज्य सरकारच ठरवते. उद्या मंजूर पदेच कमी केली, तर एकही भरती न करता रिक्त पदे घटतील. शिवाय या गुणोत्तरात गोरेगावच्या राज्य राखीव दलाचा जवानही मिळवलेला असतो. तो काही पवई ठाण्यात तक्रार लिहून घेत नाही.

लोकसंख्येचे दुखणे वेगळेच. २०११ नंतर जनगणनेचे ताजे आकडे नसल्याने अंदाजावर भागवावे लागते. पवईपुरते गणित करावे म्हटले, तर महापालिकेचे प्रभाग आणि ठाण्याची हद्द या दोन रेषा जुळत नाहीत. हिरानंदानी एस विभागात, शेजारची चांदिवली एल विभागात. कोणत्या ठाण्यामागे किती माणसे, हे सांगणार कसे? मी दोन रविवार घालवले आणि नाद सोडला.

अमेरिकेत न्यायविषयक सांख्यिकी विभाग १९८७ पासून काही वर्षांच्या अंतराने थेट पोलीस यंत्रणांना प्रश्नावली पाठवतो. शंभर किंवा त्याहून अधिक अधिकारी असलेल्या सगळ्या यंत्रणा आणि लहानांतल्या निवडक. प्रश्न माणसांपुरते नसतात. नियम काय, काम कसे चालते, हेही विचारतात.

आपल्याकडे असा प्रयत्न झालाच नाही असे नाही. ब्युरोसाठी हैदराबादच्या प्रशासकीय महाविद्यालयाने २०१४ मध्ये केलेल्या अभ्यासात ठाण्यांतले सुमारे ९० टक्के कर्मचारी आठ तासांहून जास्त काम करताना आढळले. ७३ टक्क्यांहून अधिक जणांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. २०१६ च्या मे महिन्यात मुंबईत देवनार ठाण्यापासून आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला, तो तिथल्याच एका शिपायाने मांडलेल्या योजनेवरून.

गणेशघाटावरचा शिपाई तक्त्यात त्याच्या मूळ नेमणुकीच्या जागी ‘हजर’ असतो. त्या रात्री तिथे त्याचे काम कोण करत होते, हे पदांच्या रकान्यांतून कळत नाही. खरे तर ड्युटी कधी लागली, कधी सुटली, याची नोंद ठाण्यात रोज होतेच. तेवढीच बेरीज करून वर पाठवायला सांगायची.