युद्धाचा स्त्री-अनुभव आणि राष्ट्रीय स्मृती : वऱ्हाडच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :

युद्धाचा इतिहास हा बहुधा राजे, सेनापती, तह आणि जय-पराजय यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ज्या मुलखातून फौजा गेल्या तेथील चूल, धान्याची कणगी आणि घरातील माणसे यांचे काय झाले, हा प्रश्न त्यात सहसा उपस्थित होत नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही उणीव अभ्यासकांच्या लक्षात आली. स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी दुसऱ्या महायुद्धात सहभागी झालेल्या सोव्हिएत स्त्रियांच्या कथनांवर आधारलेला ग्रंथ 1985 मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याकडे ऊर्वशी बुटालिया, तसेच रितू मेनन व कमला भसीन यांनी फाळणी भोगलेल्या स्त्रियांच्या आठवणी 1998 मध्ये ग्रंथरूपाने पुढे आणल्या. राष्ट्र कोणते दुःख लक्षात ठेवते आणि कोणते विसरते, हा या लेखनातून पुढे आलेला मूलभूत प्रश्न होय. प्रस्तुत लेखात वऱ्हाड व त्याच्या सीमेवरील काही उदाहरणांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

असई : नोंदीतील अनुपस्थिती

बुलढाणा जिल्ह्यातील धाड हे गाव जालना जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. याच पट्ट्यात, जालना जिल्ह्यातील असई येथे, केळणा व जुई या नद्यांच्या दरम्यान 23 सप्टेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीची फौज आणि दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांचे सैन्य यांची लढाई झाली. इंग्रजांकडील 428 जण ठार व 1138 जखमी झाल्याची नोंद आहे. कंपनीने या लढाईतील पलटणींना असईचा सन्मान व हत्तीचे चिन्ह दिले; पुढे 1851 मध्ये हयात सैनिकांसाठी पदकही मंजूर झाले. जेत्यांनी आपली स्मृती अशी काळजीपूर्वक जपली.

या लढाईशी एका स्त्रीचे नाव जोडलेले आहे. सरधन्याच्या बेगम समरूची पलटणे कर्नल सालेरच्या हाताखाली शिंद्यांच्या बाजूने हजर होती. बेगम स्वतः रणांगणावर नव्हती. ती फौजेची धनीण होती, म्हणूनच तिची नोंद झाली. परंतु लढाईच्या टापूतील गावांमधल्या स्त्रियांना असे कोणतेही स्थान नव्हते. फौजांची धामधूम आणि अवर्षण यांमुळे 1803-04 मध्ये दख्खनमध्ये दुष्काळ पडला. घरातील उरलेसुरले दाणे पुरवून माणसे जगविण्याचा भार कोणावर पडला असेल, हे वेगळे सांगावयास नको. तथापि हा अनुभव युद्धाच्या खात्यात न जाता दुष्काळाच्या खात्यात जमा झाला.

गाविलगड : दुसऱ्याच्या गौरवातील स्थान

असईनंतर 29 नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली आणि 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रजांनी मेळघाटातील गाविलगड हल्ला करून घेतला. किल्लेदार बेनीसिंग व त्याचे राजपूत शिपाई लढताना पडले. ग्रँट डफने 1826 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात येथील एक प्रसंग नमूद आहे. अखेरच्या झुंजीपूर्वी या राजपुतांनी आपल्या बायका व मुलींना मारण्याचा प्रयत्न केला. काही थोड्या मरण पावल्या, उरलेल्या जखमी अवस्थेत जिवंत सापडल्या आणि वेलस्लीने त्यांची आदराने काळजी घेण्याची आज्ञा दिली.

या नोंदीची रचना लक्षणीय आहे. एका बाजूस कुळाच्या अब्रूचे आणि दुसऱ्या बाजूस सेनापतीच्या दयाळूपणाचे प्रमाण म्हणून या स्त्रिया इतिहासात येतात. त्यांची स्वतःची इच्छा काय होती, त्या पुढे कोठे गेल्या, हे त्यात नाही. मेलेल्या स्त्रीचे बलिदान म्हणून गौरवीकरण करणे सोपे असते. घायाळ होऊन जगलेल्या स्त्रीला मात्र कोणत्याच गौरवकथेत जागा मिळत नाही. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह झाला. त्यातील हिशेब मुलखांचा होता.

जिजाऊ : मातृत्वाची चौकट

याच बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. दरवर्षी 12 जानेवारीस तेथे मोठा जनसमुदाय लोटतो. म्हणजे राष्ट्रीय स्मृतीत स्त्रीला स्थानच नाही असे म्हणता येणार नाही. ते कोणत्या रूपात आहे, हा खरा प्रश्न आहे. 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव मारले गेले व त्यांच्यासोबत मुलेही मारली गेली. पुढे ज्येष्ठ पुत्र संभाजीराजे कनकगिरीच्या युद्धात पडले. पिता, भाऊ व पुत्र गमावलेल्या या स्त्रीचे स्मरण आपण मुख्यतः स्वराज्याची प्रेरणा देणारी माता म्हणून करतो. तो गौरव यथार्थच आहे. परंतु त्या तेजस्वी प्रतिमेमागे त्यांचे शोक भोगणे झाकले जाते, हेही मान्य केले पाहिजे.

वर्तमान संदर्भ :

स्वातंत्र्योत्तर काळात 'वीरनारी' ही संज्ञा रूढ झाली. ती सन्मानाची असली तरी तिच्यातही एक चौकट आहे. शौर्यपदकप्राप्त सैनिकाच्या विधवेने पुनर्विवाह केल्यास पदकाचा भत्ता बंद होई. दिवंगत पतीच्या भावाशी विवाह केला तरच तो चालू राही. ही अट संरक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये काढून टाकली. तोपर्यंत राष्ट्राची कृतज्ञताही सासरच्या उंबरठ्याशी बांधलेली होती. फेब्रुवारी 2019 मध्ये नवी दिल्ली येथे राष्ट्रीय युद्ध स्मारकाचे लोकार्पण झाले. त्याच महिन्यात पुलवामा येथील हल्ल्यात बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर व लोणार तालुक्यांतील दोन जवानांना वीरमरण आले. असे नाव दगडावर कोरले जाते. मागे उरलेल्या स्त्रीचे पुढील आयुष्य मात्र कोठेही नोंदले जात नाही.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, स्त्रीचा युद्धानुभव पूर्णतः पुसला जातो असे नाही. तो अन्य खात्यात टाकला जातो, दुसऱ्याच्या गौरवासाठी वापरला जातो किंवा मातृत्वाच्या व वैधव्याच्या ठरीव चौकटीत बसविला जातो. यावर उपाय म्हणून ग्रामीण महाविद्यालयांना एक काम निश्चित करता येईल. आपल्या परिसरातील सैनिकांच्या माता, पत्नी व बहिणी यांची कथने, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्याच बोलीत, विद्यार्थ्यांकरवी नोंदवून घ्यावीत. 'तुमचा मुलगा कसा होता' या प्रश्नासोबत 'तुम्ही त्यानंतर कशा जगलात' हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. गाविलगडावरील जखमी स्त्रियांना तो कोणी विचारल्याचे ग्रँट डफच्या नोंदीत दिसत नाही. आज तो विचारणे आपल्या हाती आहे.