रंगकाम आत, पिंजरा बाहेर

दिवाळीच्या तोंडावर रंगारी आले की पक्ष्याचा पिंजरा गॅलरीत सरकवून वर चादर टाकली जाते. चादर धूळ अडवते, थिनरची वाफ नाही. पक्ष्याच्या फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात. श्वास घेताना आणि सोडतानाही फुफ्फुसांतून ताजी हवा वाहत राहते. त्यामुळे प्राणवायू भरपूर मिळतो आणि विषही तितक्याच झपाट्याने भिनतं. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत, ते थेट १९८६ पर्यंत.

बजरीगर पोपटाचं वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम, त्यामुळे थोडं विषही पुरतं. तेलरंग, लाकडावरचं पॉलिश, सनमायका चिकटवायचा गोंद, यांतलं काहीही घरात उघडणार असेल तर पक्षी आदल्या दिवशीच नातेवाइकांकडे पोचवा. शेजारची खोली पुरत नाही. ‘बिनवासाचा’ रंगही त्याला अपवाद मानू नका.

परत कधी आणायचं? आपलं नाक वासाला सरावतं, म्हणून बाहेरून आलेल्या माणसाला विचारा. वास पूर्ण गेल्यावरही दोन-चार दिवस खिडक्या सताड उघड्या ठेवा. दिवाळीच्या या धांदलीत नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहू देऊ नका. त्याचा धूर दिसतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो.

श्वासागणिक शेपटी वरखाली हलतेय, चोच उघडी आहे, पिसं फुगवून पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी बसलाय, असं दिसलं तर त्याला तडक मोकळ्या हवेत न्या आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांना गाठा. सकाळपर्यंत थांबू नका.